हौसाबाईंच्या विहिरीचा आकडा

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, दुसऱ्या कुणाला जायचं ते चुकून माझ्याकडं आलं. ‘आपल्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्यांनी आपापल्या कामाविषयी लिहावं, दिवाळी अंकाला तेवढंच वेगळेपण,’ असं त्यात होतं. पण कामाविषयी लिहायला काम तसं असावं लागतं. आमच्या वर्गातला एक जण बोटीवर आहे, दोघं वकील झाले. मी तीन वर्षं विहिरींत टेप सोडली आणि गेली चार वर्षं उसाच्या रसातली साखर मोजतो आहे. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी शाळेत कुणी गेलेलं नाही, त्यामुळं लिहून झाल्यावर हे बरोबर आहे का असं विचारायला घरात माणूस नाही. जे घडलं ते घडलं तसं सांगतो. वाचण्यासारखं काही निघालं नाही तर तो माझ्या हाताचा दोष समजावा. माणसं चांगली होती.

माझं गाव माण तालुक्यात, पार पूर्वेला. आबांची मेंढरं होती, आजही थोडी आहेत. दिवाळी झाली की आई-आबा कळप घेऊन कराडच्या बाजूला कृष्णाकाठी उतरायचे आणि मृगाच्या तोंडाला परत यायचे. मी वसतिगृहात राहून शिकलो. रसायनशास्त्राच्या जागा भरल्या होत्या म्हणून भूगर्भशास्त्र घेतलं आणि रसायन जोडीला ठेवलं. भूगर्भशास्त्र म्हणजे काय हे मला पहिल्या दिवशी ठाऊक नव्हतं. प्राध्यापकांनी फळ्यावर जमिनीच्या पोटातले थर काढले, आणि मला एकदम आमच्या गावची विहीर उभी चिरल्यासारखी दिसली: वर मुरूम, खाली काळा पाषाण, मध्ये तांबूस मऊ पट्टा. हे सगळं मी लहानपणी पोहताना पाहिलं होतं. त्याला नाव असतं आणि कारण असतं, हे मात्र तेव्हा कळलं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर सरकारला जमिनीखालचं पाणी मोजायची निकड वाटू लागली. साताऱ्याच्या एका कचेरीत मला हंगामी जागा मिळाली. माण भागातल्या एक्केचाळीस विहिरी माझ्याकडं. वर्षातून चार फेऱ्या करायच्या: दिवाळीच्या सुमारास, जानेवारीत, मार्चच्या शेवटी आणि मे महिन्यात.

काम ऐकायला अगदीच साधं आहे. विहिरीच्या कठड्यावर एका दगडाला लाल रंगाची खूण करायची. पोलादी टेपेच्या टोकाला शिशाचं वजन बांधायचं. टेपेच्या खालच्या दोनेक मीटरला खडू फासायचा. मग त्या लाल खुणेवरून टेप आत सोडायची आणि वर ओढायची. पाण्यात गेलेला खडू भिजून काळा पडतो, वरचा पांढराच राहतो. त्या काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरून वजाबाकी केली की पाणी खुणेपासून किती खाली आहे ते कळतं. माप सकाळी घ्यायचं, मोट किंवा इंजिन सुरू व्हायच्या आधी, म्हणजे रात्रभर विहिरीला विसावा मिळालेला असतो. असा आमचा नियम होता.

एका गावात कठड्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना मी हे सगळं समजावून सांगितलं. पाणी किती आहे ते नाही, पाणी किती खाली आहे ते मी मोजतो, असं म्हटल्यावर त्यातला एक म्हणाला, “म्हंजी टोपल्यात भाकरी किती हाय त्ये न्हाई. टोपलं किती खोल हाय त्ये बघतूस व्हय?”

“तसंच काहीतरी.”

“आन ह्येचा पगार देत्यात?”

“देतात.”

“दे रं बाबा ह्याला च्या,” तो दुसऱ्याला म्हणाला, “सरकार लय सुखात हाय.”

दुसऱ्या एका गावात पाणाड्या होता, तळहातावर नारळ धरून विहिरीची जागा सांगणारा. त्याला वाटे मी त्याच्या पोटावर पाय द्यायला आलोय. पहिल्या खेपेला तो मला म्हणाला, “गड्या, पानी लागायच्या आदी मी सांगतो. तू लागल्यावर सांगतूस. तुजं शिक्षान किती?” पुढं आमची दोस्ती झाली. जमिनीवर ओलीला वाढणारं नांदुर्कीचं झाड कुठं आहे, वारूळ कुठं आहे, ओढा कुठं अचानक वळतो, हे तो बघायचा आणि नारळ मग तिथंच उभा राहायचा. मी त्याला तसं बोलून दाखवलं तर डोळे मिचकावून म्हणाला, “आरं, झाडाकडं बघून सांगितलं तर लोक इस्वास ठिवत न्हाईत. नारळाकडं बघून सांगितलं की ठिवत्यात.”

या कामात मी रमलो, याचं कारण मला नीट सांगता येत नाही. दोन विहिरी, मध्ये फक्त एक ओढा. एकीचं पाणी मार्चमध्ये दोन मीटर उतरतं, दुसरीचं पाच मीटर. का? सायकलवर दोन गावांच्या मधल्या माळावर ऊन डोक्यावर घेऊन जाताना हे ‘का’ मला सोबत करायचं. संध्याकाळी दहिवडीच्या खोलीवर आकडे मांडून मी त्यांच्याकडं बघत बसायचो. शेजारच्या खोलीतले मास्तर म्हणायचे, हा मुलगा पत्ते मांडल्यासारखे आकडे मांडतो.

एकदा एका विहिरीचं पाणी चांगला पाऊस होऊनही हातभर खाली गेलं. मी आठ दिवस हैराण. खडकात भेग पडली, की कुणी शेजारी विहीर काढली? शेवटी परत गेलो आणि कठडा निरखून पाहिला. गवंड्यानं त्यावर दगडांचा एक नवा थर चढवला होता. बरं, माझी लाल खूण झाकली गेली हे पाहून त्या भल्या माणसानं स्वतःच्या खर्चानं रंग आणून तशीच खूण नव्या थरावर, बरोबर त्याच जागी, वर काढून ठेवली होती. “सायबाची खूण पुसली म्हनून तुमास्नी कुणी बोलू नये,” तो म्हणाला. मी त्याचे आभार मानले आणि हातभर वजाबाकी केली.

आता हौसाबाईंची विहीर.

ओढ्याच्या वरच्या अंगाला एक लहान वाडी होती. हौसाबाईंचे मालक वारलेले, मुलगा पलटणीत. सून आणि त्या, दोघी मिळून शेत बघायच्या. तेलाचं इंजिन हौसाबाई स्वतः हँडल मारून चालू करत. विहीर पाच परस खोल, म्हणजे हात वर करून उभी राहिलेली पाच माणसं एकावर एक रचली तर जेवढी होतील तेवढी. दिसायला चारचौघींसारखी विहीर. पण मे महिन्यात शेजारपाजारच्या सगळ्या विहिरी तळाला गेलेल्या असताना हिचं पाणी मात्र फारसं उतरलेलं नसायचं. पहिल्या वर्षी मला वाटलं मीच चुकलो. दोनदा टेप सोडली, दोन्ही वेळा आकडा तोच आला. दुसऱ्या मे महिन्यातही तसंच.

पुढच्या फेब्रुवारीत मी साताऱ्याला साहेबांना हे नकाशावर दाखवलं. साहेब फार बोलणारे नव्हते. त्यांनी बराच वेळ नकाशा पाहिला आणि म्हणाले, “या विहिरीची जात वेगळी दिसते. वरून कुठून तरी झिरप येत असणार.” पुढच्या दोन महिन्यांत गोष्टी वेगानं घडल्या. हौसाबाईंच्या विहिरीशेजारी खालच्या तीन वाड्यांसाठी एक मोठी सार्वजनिक विहीर काढावी, असा प्रस्ताव गेला. आणि कचेरीत एक कायमची जागा होणार होती, तिच्यासाठी साहेबांनी माझं नाव पाठवलं. शिफारशीत लिहिलं होतं, की या उमेदवारानं चिकाटीच्या निरीक्षणातून अमुक विहिरीचं वैशिष्ट्य शोधून काढलं. टंकलिखित प्रत शिपाई राजाराम यांनी मला हळूच दाखवली. मी ती दोनदा वाचली. माझ्याविषयी कुणी इतकं लांब वाक्य पूर्वी लिहिलेलं नव्हतं.

त्याच सुमारास दुसरं पत्र आलं, सांगलीकडच्या एका साखर कारखान्याचं. कधीकाळी केलेला अर्ज मी विसरूनही गेलो होतो. प्रयोगशाळेत जागा, पगार मला मिळत होता त्याच्या दुपटीहून जास्त, आणि वर राहायला खोल्या. मे महिन्यातल्या अमुक सोमवारी हजर न झाल्यास जागा पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल.

कायमची जागा झाली असती तरी कचेरीचा पगार कारखान्याच्या जवळपास येणार नव्हता. आणि माझ्या बाजूला फक्त विहिरी होत्या. दुसऱ्या बाजूला आई होती. तिनं कधी काही मागितलं नाही. फक्त एकदा, मी बी.एस्सी. झालो त्या दिवशी, म्हणाली होती, “आता योका जाग्याला चूल मांडीन म्हनती.” बाविशी-तेविशीपासून वर्षातले सात महिने रोज नव्या मुक्कामाला तीन दगड गोळा करून तिनं चूल मांडली होती. धाकटी दोघं भावंडं चुलत्यांकडं राहून कशीबशी शाळेत जात होती.

माझा निर्णय होत नव्हता. पण जायचं झालं तर नोंदवही अर्धवट टाकून जायचं नाही, एवढं ठरवलं. म्हणून त्या वर्षीची मे महिन्याची फेरी आठ दिवस आधीच सुरू केली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. येण्याची वर्दी द्यायची तर ग्रामपंचायतीला तोंडी निरोप पुरे, असं कचेरीत चालायचं. मला मात्र ते उद्धटपणाचं वाटे. कुणाच्या विहिरीवर जायचं आणि मालकाला कळवायचं नाही? म्हणून मी पहिल्यापासून प्रत्येक विहिरीच्या मालकाला आठवडाभर आधी पोस्टकार्ड टाकायचो. ‘यांस सप्रेम नमस्कार. अमुक वारी सकाळी आपल्या विहिरीची पातळी मोजण्यास येत आहे. कळावे.’ चाळीस मालकांनी त्या कार्डांचं काय केलं कुणास ठाऊक. एकानं त्यावर तंबाखूची पुडी बांधलेली मी पाहिली. या खेपेला घाईत कार्डं राहूनच गेली.

हौसाबाईंच्या वाडीवर पोचलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. इंजिनाची फटफट लांबूनच ऐकू आली. त्या वांग्याच्या सरीवर पाणी धरून उभ्या होत्या. मला पाहिलं आणि हातातलं खोरं टाकून त्या धावत सुटल्या, त्या थेट इंजिनाकडं. इंजिन बंद झालं.

“आगं बया! आज कसं काय? तुमचं कार्ड तर आजून यायचं हाय!”

“या वेळी नाही टाकलं, मावशी. सोमवारी सांगलीला जावं लागेल असं दिसतंय. म्हटलं उरकून घेऊ.”

“आसं न सांगता येत्यात व्हय?” त्या पदर सारखा करत कठड्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. “टेप सोडू नगा आत. चार दिसांनी या.”

“चार दिवसांनी कशाला? आज का नको?”

“का म्हंजी? वाकून बघा की. पार बुडाला गेलंय. आसली हीर दावायची व्हय मान्साला?”

मी वाकून पाहिलं. दोन वर्षांत त्या विहिरीचा तळ मला कधी दिसला नव्हता. आज खालच्या कपारीतला खेकडासुद्धा दिसत होता.

“मावशी,” मी विचारलं, “मी येतो तेव्हा मग पाणी वर कसं असतं?”

त्यांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. “चार दिस इंजान बंद ठिवती न्हवं का! कार्ड आलं की गुर्जी वाचून दावत्यात. मंग मोजून चार दिस आदीपासनं इंजान बंद. घागर बी बुडवू देत न्हाई कुणाला. ह्या सुनंला इचारा.”

सून दारात उभी राहून हसत होती. “खरं हाय दाजी. मला बी न्हाई बुडवू दिली.”

“मग प्यायला पाणी?”

“वड्यात झिरा हाय, तितनं आनतो. लांब न्हाई, मैलभर.”

“आणि वांगी? गुरांचा घास?”

“वांगी जळत्यात थोडी. त्यांचं काय, पुन्यांदा येत्यात.” मग माझ्या तोंडाकडं पाहून त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, “आवं, ल्योक सुट्टीवर यायचा म्हनलं की मी रांजन भरून ठिवती. रिकामा रांजन बघून घरचा मानूस बी हिरमुसतो, तुमी तर पाव्हणं. आन माज्या नावानं कार्ड धाडणारं पैलं मानूस तुमी. पोराचं पत्र सुदीक भावकीच्या नावानं येतं. तुमी याचं आन हिरीचा तळ बघून माघारी जायाचं?”

त्यांनी चूक केली असं म्हणायला जीभ रेटेना, आणि बरोबर केलं असंही म्हणता येईना. त्यांच्या डोळ्यांदेखत टेप सोडली. त्यांनी तोंड फिरवलं. गेल्या दोन मे महिन्यांपेक्षा पाणी पावणेदोन मीटर खाली. म्हणजे शेजारच्या विहिरींत होतं बरोबर तेवढंच. विहिरीची वेगळी जात, वरची झिरप, माझ्या शिफारशीतलं ते लांब वाक्य, सगळं चार दिवसांच्या बंद इंजिनावर उभं होतं. आणि त्या इंजिनाला बंद ठेवणारं कार्ड माझ्याच हातचं होतं.

त्या दिवशी सायकल चालवताना मला दोनच गोष्टी डोळ्यांसमोर दिसत होत्या. एक, डोक्यावर घागरी घेऊन मैलभर चालणाऱ्या त्या दोघी सासू-सुना. दुसरी, त्या वाडीवर उद्या खणली जाणारी कोरडी सार्वजनिक विहीर.

साताऱ्याला जायच्या आधी मी कराडला उतरलो. आबांचा कळप नदीकाठी एका उसाच्या रानात बसला होता. आईनं पिठलं केलं, तीन दगडांवर. मी दोघांना सगळं सांगितलं; कारखान्याचं पत्रही, विहिरीचंही. आईनं फक्त विचारलं, “त्या खोल्यास्नी दार हाय का?” मी म्हटलं असेल. मग ती भांडी घासायला नदीवर गेली.

आबा लोकर निवडत बसले होते. म्हणाले, “सांजंला कळप मोजताना कमी भरला तर मी काय करतो?”

“परत मोजता.”

“पैलं परत मोजतो. मंग लांडग्याला शिव्या देतो. तू आदीच शिव्या द्याया लागलाईस, त्या बी सोताला.”

“पण आबा, आता मोजायचं काय राहिलंय? कारण सापडलं ना.”

“मला काय ठावं? मी मेंढरं मोजतो,” आबा म्हणाले.

आज हे लिहिताना माझा हात इथं थांबतो. तीन वर्षं मी प्रत्येक आकड्याला ‘का’ विचारलं होतं. त्या आठवड्यात मात्र मला कुतूहल वाटलं नाही, लाज वाटली. लाज वाटली की माणसाला सगळं लवकर मिटवावंसं वाटतं.

शनिवारी साहेबांसमोर उभा राहून मी सांगून टाकलं. त्यांनी नोंदवही मागितली. हौसाबाईंच्या विहिरीचं पान उघडलं, तांबडी पेन्सिल हातात घेतली आणि विचारलं, “तुमचं काय मत?”

“ही विहीर काढून टाकावी, साहेब. दोन्ही मे महिन्यांचे आकडे खोटे आहेत.”

“आणि बाकीच्या चाळीस?”

“त्या बरोबर आहेत, साहेब. नियमानं घेतल्यात. रात्रभर विसावा देऊन.”

त्यांनी पेन्सिल माझ्यापुढं केली. मी त्या दोन आकड्यांवर काट मारली. हात स्थिर होता, याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता.

“शिफारशीचं काय करू?” साहेबांनी विचारलं. “ती या विहिरीवर उभी आहे.”

“तीही मागं घ्यावी.”

“घाई करू नका. मला थोडा विचार करू द्या. आठ दिवस थांबता?”

“सोमवारी सांगलीला हजर व्हायचंय, साहेब.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “मग जा,” ते म्हणाले. बाहेर राजाराम उभे होते. ते म्हणाले, “आवं, निम्म्या कचेरीचे आकडं घरी बसून लिवल्यालं असत्यात. तुमी खरं मोजून खोडताय. येडं का खुळं?” पण स्टँडपर्यंत माझी ट्रंक त्यांनीच उचलली. प्रस्ताव रद्द झाल्याचं आणि पुढं साहेबांची बदली झाल्याचं नंतर पत्रानं कळलं.

कारखान्याविषयी वाईट लिहिलं तर कृतघ्नपणा होईल. खोल्यांना दार आहे. आईनं पहिल्याच दिवशी चूल लिंपली आणि ती सुकेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिली. भावंडं सांगलीच्या शाळेत जातात; बहीण यंदा मॅट्रिकला आहे, गणितात माझ्यापेक्षा बरी. आबांना मात्र दोन खोल्यांत करमत नाही. ते थोडी मेंढरं घेऊन अजून फिरतात आणि पाहुण्यासारखे येऊन जातात. माझं काम म्हणजे दर तासाला रसाचा नमुना घ्यायचा आणि त्यात साखर किती ते काढायचं. तेही मोजणंच. पण उसातली साखर कालच्यासारखीच आज असते, आणि नसली तर का नाही हे शोधायचं काम दुसऱ्या खात्याकडं आहे. गळिताच्या दिवसांत गावोगावचे शेतकरी येतात. त्यात माणकडचा ऊसतोडीचा कुणी टोळीवाला भेटला की मी सहज विचारल्यासारखं विचारतो, तुमच्याकडं विहिरींना पाणी कसं आहे? तो म्हणतो, “हाय की, खाली.”

हौसाबाईंना मी पुन्हा कार्ड टाकलं नाही. कार्ड गेलं तर त्या इंजिन बंद करतील, अशी भीती वाटायची.

हे सगळं असंच राहिलं असतं. पण गेल्या पावसाळ्यात राजाराम मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात आले होते, ते एका डोळ्यावर पट्टी बांधलेली घेऊन आमच्याकडं उतरले. आईनं त्यांना जेवू घातलं. जेवताना ते म्हणाले, “तुमची नोंदवही कचेरीत लय गाजली बघा.”

मला वाटलं चेष्टा करताहेत. आमच्या साहेबांच्या जागी आता एक तरुण साहेब आलेत. त्यांनी जुन्या वह्या काढल्या, हौसाबाईंच्या पानावरची तांबडी काट पाहिली, आणि ही कुणी मारली, कशासाठी, असं विचारलं. राजाराम यांनी घडलं ते सांगितलं. साहेब हसतील असं त्यांना वाटलं होतं.

“हासलं न्हाईत. उठून हुबंच ऱ्हायलं. म्हनाले, राजाराम, काळ्या पाषाणातली हीर योका रातीत भरती व्हय? तिला चार-पाच दिस लागत्यात वर याला. सकाळच्याला मोजली तरी ती आदल्या दिसाची उपसल्यालीच आसती. म्हंजी ह्ये बाकीचं समदं उपसल्यालं पानी मोजलंय.”

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

“मंग गेल्या मे म्हैन्यात त्यो गडी माणात जाऊन ऱ्हायला. म्हैनाभर. गावोगाव पाया पडून हिरी बंद ठिवायला लावल्या. प्यायला टँकर दिलं, जनावरास्नी बी. चार-चार दिस. आन मंग टेप सोडली. समद्या वर आल्या. कुटं दीड मीटर, कुटं दोन.” राजाराम यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “आता नेमच झालाय. आदी चार दिस हीर बंद, मंग माप.”

“आणि माझी वही?” मी विचारलं.

“सायबानं तुमची काट खोडून हौसाबाईचं दोन्ही आकडं पुन्यांदा लिवलं. आन तांबडी पेन्शील घिऊन बाकीच्या चाळीस हिरींच्या मे म्हैन्यांवर काट मारली.”

आई विचारत होती, काय झालं, तोंड का असं केलंस. राजाराम एका डोळ्यानं माझ्याकडं बघत होते.

“तीन वर्सांत तुमी म्हाताऱ्या बाईचे दोनच आकडं खोडलं,” ते म्हणाले, “आन तेवडं दोनच खरं व्हतं.”